कन्सोलला वाहिलेल्या अक्षता

आमच्या घरात आलेलं कुठलंही यंत्र आधी पूजा करून घेतं आणि मगच चालू होतं. फ्रिज, स्कूटर, मिक्सर, एवढंच काय, माझं रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा! (त्याच्या पूजेनंतर पहिलाच आकडा असा आला की बायकोने मला तासभर आडवं करून ठेवलं.) जबलपुरात आमची ही चौथी पिढी. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि नारळ दोन्हीकडे.

तर, ऋताचा व्हिडिओ गेमचा कन्सोल आला. ऋता माझी मुलगी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. नागपूर, इंदूर आणि भोपाळच्या तीन मुलींबरोबर तिची टीम आहे. या चौघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत, पण रोज संध्याकाळी इंटरनेटवरच्या गेममध्ये एकत्र युद्ध करतात. येत्या रविवारी त्यांची अंतिम फेरी होती आणि ती फक्त या नव्या कन्सोलवरच खेळता येणार होती. बाजारात यायच्या कितीतरी आधी ऋताने तो नोंदवून ठेवला होता. बुधवारी तो महाराजपूरच्या आमच्या कॉलनीत पोचला तेव्हा ती नेमकी कॉलेजात होती. घरी होतो मी, माझी बायको वंदना आणि पूजेचं ताट.

"ती येईपर्यंत थांबा ना," वंदना म्हणाली.

"मुहूर्त थांबतो का?" (मुहूर्त मीच काढला होता. पंचांग न उघडता.)

कन्सोल मी खोक्यातून काढला आणि पाटावर उभा केला. काळाभोर, गुळगुळीत, गंभीर. आणि माथ्यावर बारीक फटींची एक जाळी. आता तुम्हीच सांगा, समोर अशी काळी मूर्ती आणि तिच्या माथ्यावर जागा ठेवलेली! कुठल्याही भाविकाने काय केलं असतं?

मी हळद वाहिली. कुंकू वाहिलं. झेंडूची पाकळी ठेवली. ग्वारीघाटाहून आणलेल्या नर्मदाजलाचे तीन थेंब फुलाने शिंपडले. आणि मग मूठभर अक्षता, थेट माथ्यावर!

"अहो, वरून काहून टाकून राहिले? बाजूला ठेवा!"

"देवाच्या बाजूला कोणी अक्षता ठेवतं का?"

अक्षता क्षणभर जाळीवर थांबल्या आणि दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, स्वीकारल्या.

ऋता येईपर्यंत मी बाहेरून सगळं लख्ख पुसून ठेवलं. (श्रद्धा आपल्या जागी, मुलीची भीती आपल्या जागी.) संध्याकाळी ती खेळायला बसली. दहा मिनिटं नुसता स्वर्ग! मग आतून 'खर्र खर्र' असा आवाज यायला लागला, जणू कोणी आत बसून सुपारी कातरतंय. मग लाल दिवा. मग काहीच नाही.

"बाबा, ये क्या है यार!" ऋता रडकुंडीला आली. "संडेला फायनल आहे! माझ्यामुळे त्या तिघी पण बाहेर होतील!"

मी कबुलीसाठी तोंड उघडणार, एवढ्यात तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. देशभरची गिऱ्हाइकं ओरडत होती. नवा कन्सोल तापतो! बंद पडतो! लाल दिवा लागतो! कुणाचा पहिल्याच दिवशी गेला होता, कुणाचा दुसऱ्या. आणि कंपनी शांतपणे सांगत होती की आम्ही तपास करत आहोत.

माझा जीव भांड्यात पडला. दोष कंपनीचा होता! आणि माणसाचं मन बघा कसं असतं, पुढच्या पाच मिनिटांत पूजा झाल्याचंच मला आठवेना. वंदनाने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"उद्या सर्व्हिस सेंटरला जातो!" मी गरजलो. "माझ्या लेकीला फसवतात म्हणजे काय!"

"मी एकटी जाते बाबा. तुम्ही तिथे भाषण द्याल."

"मुळीच नाही," मी म्हणालो आणि आरशासमोर तयारीला लागलो. (आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात गेली वीस वर्षं नाटकातला वकील मीच असतो. आजवर एकही खटला हरलेलो नाही. लेखक हरू देत नाही.)

ओमतीजवळच्या त्या सर्व्हिस सेंटरात पंधरा-वीस माणसं आपापला कन्सोल कडेवर घेऊन उभी होती, लस टोचायला आणलेल्या बाळासारखा. जवळच्या पनागर गावचे मटारवाले पटेलजी तर आपला कन्सोल गमछ्यात गुंडाळून घेऊन आले होते. काउंटरमागे चौरसिया नावाचा दमलेला कारागीर प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत होता, "छोड़ जाइए, महीने भर में फोन आएगा."

"महिना?" ऋता माझ्या कानाशी कुजबुजली. "बाबा, आज गुरुवार आहे."

झालं! माझ्यातला वकील उठला आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर चढला.

"भाइयो और बहनो! ये मशीन नहीं, विश्वासघात है!"

टाळ्या!

"हमने क्या माँगा था? एक डिब्बा! जो चले!"

आणखी टाळ्या! पटेलजींनी गमछा हवेत फिरवला. ऋता माझा शर्ट खाली ओढत होती, पण टाळ्या चालू असताना उतरणं मला नाटकातही कधी जमलेलं नाही.

"बाबूजी," चौरसिया हात जोडून म्हणाला, "हो सकता है कस्टमर से ही कुछ..."

"कस्टमर से?" माझा आवाज बहुतेक रेल्वे स्टेशनपर्यंत गेला असावा. "तो खोलो! अभी खोलो! सबके सामने! और मेरी मशीन से शुरू करो!"

लोकांनी टेबलाभोवती कडं केलं. मोबाइल वर झाले. चौरसियाने एक स्क्रू काढला, दुसरा काढला, झाकणाला हात घातला आणि नेमक्या त्याच क्षणी मला बुधवार आठवला. सगळा बुधवार. पाटासकट!

"थांबा!" मी ओरडलो. पण मराठीत ओरडलो. चौरसियाने झाकण उचललं.

टप्प. टेबलावर एक दाणा पडला. त्याने तो चिमट्यात धरून उजेडात बघितला.

"चावल?"

मग दुसरा. मग दहा-बारा एकदम. आतला छोटा पंखा हळदीने पिवळा झाला होता, नवऱ्या मुलासारखा. बाजूच्या पट्टीवर कुंकवाचा मळवट. सगळ्यात शेवटी चिमट्याला लागून झेंडूची एक सुकलेली पाकळी बाहेर आली.

पटेलजींनी मान पुढे काढून आत डोकावून बघितलं आणि फार आदराने विचारलं, "भाईसाब, आरती हो गई थी, कि बाकी है?"

सगळं सेंटर हसून लोळायला लागलं. मी अजून स्टुलावरच होतो. हसत नव्हती ती एकटी ऋता.

"बाबा, तुम्ही आत तांदूळ टाकले?"

"टाकले नाहीत," मी खालच्या आवाजात म्हणालो. "वाहिले."

चौरसियाने हवेचा फवारा मारला, ब्रश फिरवला, झाकण बसवलं आणि बटण दाबलं. कन्सोल चालू! ना खर्रखर्र, ना लाल दिवा! मग लोकांनी हट्टाने पटेलजींचा उघडायला लावला. आत सगळं स्वच्छ, दाणासुद्धा नाही. "इसमें कंपनी का ही फॉल्ट है," चौरसियाने कबूल केलं. "पार्ट बाहर से आएगा." तिसऱ्याचं तेच, चौथ्याचं तेच. एवढ्या गर्दीत कंपनीची चूक नसलेला कन्सोल एकच होता. आमचा!

लोकांच्या नजरा बदलल्या. एका बाईंनी विचारलं, "पूजा में क्या-क्या लगता है जी?" पटेलजींनी तर मोबाइलवर लिहूनच घ्यायला सुरुवात केली. "नर्मदाजल कितना, भाईसाब?"

"तीन बूँद," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि ऋताने मला स्टुलावरून खेचून थेट रिक्षात बसवलं. घरापर्यंत तिने कन्सोल मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, माझ्यापासून लांब.

रविवारी ती खेळली. चौघी दुसऱ्या आल्या. सामना संपल्यावर तिने मला खोलीत यायची परवानगी दिली, पण दारातच म्हणाली, "हात दाखवा." मी हात दाखवले. "खिसे." मी खिसेही उलटे केले. मग कुठे तिने मला मिठी मारली.

महिन्याभराने पटेलजींचा फोन आला. त्यांचा कन्सोल दुरुस्त होऊन आला होता आणि पूजेला मी हवाच होतो! मी सिल्कचा कुर्ता घालून पनागरला गेलो. पाट मांडलेला, नारळ तयार, सगळं घर हात जोडून उभं. मी गंभीर चेहऱ्याने अक्षतांच्या वाटीकडे हात नेला.

पटेलजींनी वाटी अलगद उचलून आपल्या पाठीमागे धरली.

"ये रहने दीजिए, भाईसाब. आप तो बस भाषण दीजिए. भाषण मशीन के अंदर नहीं जाता!"