चौदा नंबरचा दोर कोणी सोडला?

सिअ‍ॅटलच्या कालव्यावर रत्नामावशी एका जुन्या बोटीत राहतात, आणि त्या धक्क्यावरच्या चाळीस बोटींना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या त्यांच्या सूचनांची सवय आहे. "काल ५.१०, नऊ नंबर, खिडकीवर बाटली फेकली. फेकणारा दिसला नाही." बस, एवढंच! मावशी मूळच्या नागपूरच्या. जवळच्याच बेलव्ह्यूत बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि रिटायर झाल्यावर घर विकून बोट घेतली. मी त्यांच्याच टीममध्ये काम शिकलो. "पाहिलं ते लिही, वाटलं ते लिहू नकोस," हे मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलंय.

ऑगस्टमध्ये त्यांनीच ते मोडलं.

दोन वीकेंडमध्ये तीन बोटींचे दोर कोणीतरी सोडले होते. एक बोट तर आत झोपलेल्या म्हाताऱ्या मालकासकट कालव्याच्या मधोमध गेली. तिसऱ्या वेळी, रविवारी, मावशींना कबीर चौदा नंबरच्या दोराशी वाकलेला दिसला. कबीर पुण्याचा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला, महिन्यापूर्वीच इथे सतरा नंबरच्या जागेवर बोट घेऊन आलेला. मावशींनी घाईघाईत ग्रुपवर टाकलं, "निळं जॅकेट, सतरा नंबरवाला. सांभाळा."

बुधवारपर्यंत कबीरशी कोणी बोलेना. धक्क्याच्या ऑफिसने त्याला सोमवारी बोलावलं. त्याची जागा जाणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

शनिवारी दुपारी मी मावशींना भेटायला पोचलो, तर कबीर त्यांच्या बोटीसमोर उभा.

"मावशी, दोर सुटलेला दिसला म्हणून मी बांधत होतो!"

"मग तेव्हाच ग्रुपवर सांगायचं ना रे!"

"कुठल्या ग्रुपवर? मला अजून कोणी घेतलंच नाही त्यात."

मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लॅपटॉप उघड."

सगळ्या जुन्या सूचना आम्ही वेळेनुसार लावल्या आणि मी उडालोच! तिन्ही दोर शनिवार-रविवारी, चार ते पाचमध्ये सुटले होते. त्यातल्या पहिल्या दोन वेळी कबीर लॅबमध्ये ड्युटीवर होता; त्याने मोबाईलवर तक्ताच दाखवला.

"चार ते पाच म्हणजे फिरायला नेलेल्या भाड्याच्या बोटी परतायची वेळ!" मावशी म्हणाल्या. घड्याळात पावणेचार.

लगेच सूचना गेली: "आज ४ ते ५ डेकवर थांबा. मोबाईल तयार ठेवा. कोणाशी भांडू नका."

४.२५ला एक भाड्याची बोट अगदी धक्क्याला चिकटून आली. चार पोरं, मोठ्याने गाणी. एकाने आकड्याची काठी लांबवून चौदा नंबरच्या दोराचा फास सरळ खुंटावरून उचलला!

मावशींनी भोंगा दाबला. मागोमाग शेजारच्या बोटीने, मग पलीकडच्या, मग सगळ्यांनीच! काय आवाज झाला! काठी त्या पोराच्या हातून पाण्यात पडली. कबीरने धावत जाऊन दोर पुन्हा अडकवला. बोटीचा नंबर अकरा जणांच्या व्हिडिओत आला होता, आणि फोन गेल्यावर पुढच्या पुलाजवळ हार्बर पोलिसांनी तिला थांबवलं.

सगळा धक्का टाळ्या पिटत होता. मावशी मात्र खाली मान घालून टाईप करत होत्या: "कबीरबद्दलची माझी सूचना चूक होती. तो दोर बांधत होता. मी त्याला न विचारता लिहिलं."

"चल आता ऑफिसात," त्या उठल्या.

"सोमवारी बोलावलंय, मावशी."

"सोमवारपर्यंत तू कशाला झुरायचं? चूक माझी आहे. आधी मी बोलणार."

"बोला," कबीर हसला, "पण मग माझा नंबर लागेल का?"

नाही लागला. दहा मिनिटांत मॅनेजरने सोमवारची मीटिंग कॅन्सल केली.