भविष्यवाल्यांचा कागद

रेझिनच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘भविष्यवाले’ म्हणत. मोठ्या बंद भांड्यात रेणूंच्या साखळ्या किती वेगाने वाढतील आणि किती वाजता तापमान किती असेल, हे ते संगणकावर समीकरणं मांडून आधीच सांगत. अकरा वर्षांत त्यांचा अंदाज चुकला नव्हता आणि अकरा वर्षांत ते त्या भांड्याजवळ एकदाही फिरकले नव्हते. घाबरणं हा भाऊजींचा एकमेव छंद, असं त्यांचा मेहुणाच म्हणायचा. तो त्याच भांड्यावर ऑपरेटर होता.

त्या दिवशी भांड्यात पहिल्यांदाच नवी कृती चढली होती. तीत द्रावक निम्मं, म्हणून रस घट्ट. दुपारी डबा खाता खाता भविष्यवाल्यांनी सहज समीकरणांवर नजर टाकली आणि घास तोंडातच राहिला. साखळ्यांची दोन जिवंत टोकं एकमेकांना भेटली की मरतात, म्हणून सगळं आटोक्यात राहतं. त्या भेटींचा वेग त्यांनी जुन्या, पातळ कृतीतून जसाच्या तसा उचलला होता. घट्ट रसात टोकं भेटणार कशी? ती जगत राहणार, साखळ्या वाढवत राहणार, आणि भांडं तापत जाणार, फुटेपर्यंत.

वर भांड्यापाशी कुणी फोन उचलेना. तीन जिने होते. पाय नाहीच म्हणत होते, तरी ते चढले.

मेहुण्याने हसत त्यांचाच कागद पुढे केला. “भाऊजी, पंचाहत्तर म्हणालात, पंचाहत्तरच आहे. आणि घाम तुम्हाला फुटलाय.”

“इथवरच खरं आहे. पुढचं सगळं चुकलंय. मारक सोड.”

मारक म्हणजे साखळ्या जागीच थांबवणारं रसायन. ते सोडलं की अख्खी बॅच फेकायची. मेहुणा म्हणाला, आधी साहेबांना विचारू. तेवढ्यात तापमानाचा काटा एकोणऐंशीवर गेला. कागदावर शहात्तर होतं. बघता बघता त्र्याऐंशी. मेहुण्याचं हसू मावळलं. दोघांनी मिळून मारकाचं चाक फिरवलं.

काटा ब्याण्णववर अडला, कितीतरी वेळ तिथेच थरथरला, मग खाली येऊ लागला. भविष्यवाल्यांची मूठ चाकावरून सुटेना. मेहुण्याने एकेक बोट सोडवलं.

“ताईला काय सांगू?” त्याने विचारलं.

“मी चुकलो, एवढंच सांग.”

साहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं. आता नवी कृती पहिल्यांदा चढते तेव्हा भविष्यवाले कागद घेऊन भांड्याशेजारी उभे असतात. भीती अजून तशीच आहे. मेहुणा स्टूल सरकवतो, पण ते बसत नाहीत.