भुवईवरचा व्रण

आज मी फोटोच्या कामावर पोट भरतो, ते निलंग्याच्या अक्कांमुळे. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांच्याही आधी त्यांचंच नाव तोंडात येतं.

गिऱ्हाईक आल्या-आल्या अक्का कॅमेऱ्याला हात लावायच्या नाहीत. आधी समोरच्याच्या हनुवटीला दोन बोटं लावून तोंड हळूच खिडकीकडे वळवायच्या आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहायच्या. बुबुळात उजेडाचा ठिपका दिसला की म्हणायच्या, "हां, आता माणूस जागा झाला."

तुम्हीही कधीतरी तालुक्याच्या गावी पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसला असाल. मागे निळा पडदा, बाजूला दोरीनं कंगवा बांधलेला आरसा आणि "मान वर, हलू नका" असा हुकूम. अक्कांच्या स्टुडिओत पडदा आणि कंगवा होता, हुकूम नव्हता. नवऱ्यामागं त्यांनी दुकान चालवायला घेतलं, तेव्हा गावात लोक हसले होते. नंतर त्याच लोकांच्या सुना-लेकी त्यांच्याकडेच यायला लागल्या.

माझे वडील अडतीवर हमाल. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. बी.ए. झालो आणि वर्षभर घरी बसलो. कुठल्याशा फॉर्मसाठी फोटो काढायला गेलो, तेव्हा अक्कांनी विचारलं, "पुढं काय?"

"बघून राहिलोय."

"नुसतं बघायचंच असंल तर कॅमेऱ्यातून बघ की."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला. पहिले आठ दिवस त्यांनी माझ्याकडून फक्त वांग्याचे फोटो काढून घेतले. खिडकीशी वांगं ठेवायचं आणि उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते ते सांगायचं. वांग्याच्या चकचकीत सालीवर काही लपत नाही. संध्याकाळी त्या वांग्याची भाजी व्हायची. माझा पहिला चेहऱ्याचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "नाक साफ आलंय, डोळे धुरकट. हा नाकाचा फोटो झाला."

कॉम्प्युटरवर बसवलं तेव्हा त्यांनी एकच नियम सांगितला. "मुरूम, पुरळ, उन्हानं सोललेलं नाक, आठ दिवसांत जातंय ते पुसायचं. तीळ, देवीचे वण, भाजल्याची खूण, हे जल्माची सोबत हाय. त्याला हात लावायचा न्हाई."

"आणि रंग?"

"उजेड कमी पडला असंल तर उजेड वाढव. माणूस बदलू नको."

आमच्याकडे मुलीचा एकच चांगला फोटो काढायची रीत. तोच स्थळाच्या बायोडाट्यावर, तोच नोकरीच्या फॉर्मवर. कुणाची आई फारच मागं लागली तर अक्का स्थळासाठी थोडं उजळ करून द्यायच्या, पण फॉर्मचा फोटो वेगळा, जसाच्या तसा. त्यात त्यांनी कधी तडजोड केली नाही.

तडजोड मी केली.

सुरेखा नावाची मुलगी आईला घेऊन आली होती. भरतीचा फॉर्म भरायचा होता, तोही शेवटच्या दिवशी. वयाची अट संपत आलेली, पुढच्या वर्षी बसता येणार नव्हतं. लहानपणी गोठ्यात बैलाचं शिंग लागून तिची डावी भुवई फाटली होती. अक्का त्या दिवशी एका शाळेत ओळखपत्रांचे फोटो काढायला गेल्या होत्या. मुलीची आई म्हणाली, "भाऊ, तेवढं भुवईचं पुसा. अन् जरा उजळ करा. स्थळं बघून राहिलोत."

मी पुसलं. उजळही केलं, चांगलं सढळ हातानं. आई खूश झाली. "बाई गं, वळखू बी येईना!" मला ती शाबासकी वाटली. सुरेखा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं विचारलं, "ह्योच चालंल का फॉर्मला?"

"चालतंय की," मी म्हणालो. दुसरी प्रत करायला पाच मिनिटं लागली असती.

परीक्षेचं केंद्र नांदेडला होतं. दारावरच्या माणसानं हॉलतिकिटावरचा चेहरा पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि तिला बाजूला उभं केलं. वरच्या साहेबाला बोलावलं, आधार कार्ड तपासलं. मुलगी तीच आहे हे ठरेपर्यंत आतली दारं बंद झाली होती.

तिचा भाऊ स्टुडिओत आला आणि त्यानं हॉलतिकीट टेबलावर आपटलं. "हे कुणी केलं?"

मी प्रिंटरपाशी उभा होतो. महिन्याभरानं मला लातूरला जायचं होतं. एका फ्लेक्सच्या दुकानात अक्कांनीच माझ्यासाठी शब्द टाकला होता. अक्कांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मी केलं," त्या म्हणाल्या.

तो खूप बोलला. बाईच्या जातीला हे काम झेपत नाही, असंही बोलला. अक्का उभ्या राहून ऐकत होत्या आणि मीही ऐकत होतो. तो गेल्यावर मी "अक्का..." एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "शाई संपलीय, बदल."

भावानं ही गोष्ट बसस्टँडपासून शाळांपर्यंत सगळीकडे पसरवली. शाळांनी ओळखपत्रांचं काम दुसरीकडे दिलं. फॉर्मवाली पोरं यायची थांबली. मी लातूरला निघून आलो. इथं क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर गुणवंतांचे चेहरे गोरे करायचं काम मी करतो. ते मला चांगलं जमतं.

वर्षभरात स्टुडिओ बंद झाला. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. अक्का भालकीला भावाकडे असतात, असं कळलं. त्यांचा जुना नंबर लागत नाही. म्हणून मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"अक्का, शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी मुखेडजवळ सुरेखाच्या सासरी गेलो होतो. तो फोटो तुम्ही नाही, मी केला होता, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, 'मला काय सांगून राहिलात? तुमच्या शेजारीच बसले होते की मी.' मी विचारलं, मग भावाला का नाही सांगितलंस? तेव्हा तिनं सांगितलं, की भाऊ भांडून आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती तुमच्याकडे आली होती. आणि तुम्ही तिला म्हणालात, त्या पोराला आत्ता कुठं काम लागून राहिलंय, तुम्ही मायलेकी त्याचं नाव घेऊ नका.

हे मला तोवर माहीत नव्हतं.

तिनं पाणी दिलं, चहा केला. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, 'गप्प बसले ते अक्कांच्या शब्दाखातर. तुमच्यासाठी न्हाई.'

एवढंच तुम्हाला कळवायचं होतं."