मालकाला समोर उभं करून पड

आधीच सांगून ठेवते, भूतखेत, करणी, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. वेल्ह्यात मी औषधांच्या दुकानात काम करते. तापावर ताईत बांधून आलेल्यांना काउंटरवरूनच झापते. माझं तोंड जरा फटकळच आहे, आणि या सगळ्या प्रकाराची सुरुवात त्या तोंडानेच झाली... तेव्हा हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा. मीसुद्धा हसले असते.

आम्ही भाड्याने राहतो ते घर गावाच्या वरच्या अंगाला, चढावर आहे. दोन खोल्या, वर कौलं, पुढे अंगण. मागची भिंत दगडमातीची आणि तिच्या पाठीला लगेच डोंगर, त्यामुळे पावसाळाभर सगळं पाणी त्या भिंतीत मुरायचं. घरात माझा नवरा संदीप, मी आणि माझे सासरे आप्पा. आप्पा पासली गावचे. गेल्या उन्हाळ्यात बांधावरून पडून त्यांचा खुबा मोडला, म्हणून त्यांना इकडे आणलं. ऑपरेशन झालं, पण पाय धरेना. त्यांना नुसतं उठवून बसवायलाही दोघं लागायची. त्यांची खाट मागच्या खोलीत, त्या भिंतीलाच लागून. पुढच्या खोलीत खाट टाकली तर दार उघडत नव्हतं, आणि संडासही मागच्या खोलीलाच लागून.

श्रावणात त्या भिंतीला पोट आलं, ती आतल्या बाजूला फुगली. मालक पुण्यात राहतात. त्यांना आम्ही काका म्हणतो. काका रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाची फुलं पाठवायचे, पण भिंतीचे फोटो पाठवले की निळ्या खुणा व्हायच्या आणि शांतता. फोन केला तर म्हणायचे, "अगं, साठ वर्षं उभी आहे ती. गणपती होऊ देत, बघू."

मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. भोरला एका वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, भाडं अजिबात थांबवू नका, थांबवलंत तर चूक तुमची ठरेल. मालकाला लेखी नोटीस द्या, फोटो जोडा, मुदत द्या. त्या मुदतीत काही केलं नाही तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण त्यालाही मर्यादा आहेत, आणि गावात हा कायदा कितपत लागू होतो ते तपासावं लागेल. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. मुदत संपली, उत्तर नाही. मग मिस्त्री बोलावला. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, ही दुरुस्त करायची भिंत न्हाई. ही उतरवायची. अन् त्याला मालक पायजे." ग्रामपंचायतीतही तेच, मालकाचा अर्ज आणा. दुसरं घर शोधलं, तर आजारी म्हातारा माणूस म्हटल्यावर लोक खोली आधीच गेली म्हणायचे.

गणपती झाले. पाऊस ओसरला. आणि खरी भीती तेव्हाच असते, ऊन लागलं की भिजलेली माती सुटायला लागते. रोज सकाळी आप्पांच्या उशीवर तांबड्या मातीचा थर असायचा. मी तो झटकायची आणि मला रडू यायचं.

त्या संध्याकाळी काकांनी फोनवर सांगितलं, "आता नवरात्र झाल्यावर बघू." मी फोन ठेवला आणि दिवा लावायला गेले. हातात काडी होती, डोकं तापलेलं. भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाले, "पडायचंय ना तुला? पड एकदाची. पण आम्ही सगळी अंगणात असताना पड. आणि त्या मालकाला समोर उभं करून पड."

आप्पा खाटेवरून म्हणाले, "तिनीसांजंचं असं बोलू नगं गं पोरी. वास्तू तथास्तु म्हणती."

"म्हणू दे की," मी म्हणाले. "कुणीतरी हो म्हणतंय हे काय कमी आहे?"

पुढच्या रविवारची गोष्ट. टळटळीत दुपार. मी अंगणात गोधड्या वाळत घालत होते. संदीप खाली रस्त्यावर त्याच्या टेम्पोचं चाक बदलत होता. एवढ्यात त्याच्यामागून एक गाडी येऊन थांबली आणि काका उतरले. न सांगता, न विचारता. दोघं बोलत वर आले. काकांचा चेहरा जरा गोंधळलेला होता. "पानशेतला मित्रांकडे जेवायला निघालो होतो," ते म्हणाले. "पाबे घाटाकडे, इकडच्या रस्त्याला गाडी कशी वळली, मलाच कळलं नाही. आलोच आहे तर दाखवा काय ते."

मी वळून बघितलं तर आप्पा तुळशीपाशी खुर्चीत बसलेले. अंगावर ऊन, गुडघ्यांवर नीट घडी घातलेली गोधडी. मला वाटलं, खाली जाण्याआधी संदीपने कुणाला तरी हाताशी घेऊन आणून बसवलं. बरं केलं, म्हटलं. मी चहा ठेवायला आत निघाले. चहाला कधीही नाही न म्हणणारे काका म्हणाले, "चहा नको. आधी भिंत दाखव."

मी उंबऱ्याशी थांबले, आणि भिंत पडली.

आवाज फारसा झालाच नाही. मोठा सुस्कारा सोडावा तशी ती आत बसली, तिच्यामागून वासे आणि कौलं. धूळ खाली बसल्यावर दिसलं, खाट दगडांखाली पूर्ण गेली होती. खाटेचा एक पाय तेवढा बाहेर राहिला होता.

संदीपने धावत जाऊन आप्पांचा खांदा धरला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं झालं तू कुणाला तरी हाक मारून आप्पांना भाईर आणलंस."

"मी? तू आणलंस ना?"

"म्या न्हाई. मी कवापास्नं खालीच हाय."

आम्ही दोघांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा शांत होते. म्हणाले, "तुमी न्हवता व्हय? माझं डोळं मिटल्यालं. बगलंत हात घालून कुणी तरी उचाललं. लई गार हात व्हते. मला वाटलं सूनबाई धुणं धुऊन आली."

त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन्ही बगलांखाली ओल्या तांबड्या मातीचे डाग होते. बोटं मोजता यावीत इतके स्पष्ट. ते मी पाहिले, संदीपने पाहिले, काकांनी पाहिले. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि परत वाकून पाहिलं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जिवाच्या भीतीने माणूस कधीकधी उठतो. पण आप्पांना भीती कुठे वाटली होती? भिंत तर नंतर पडली. आणि गोधडीची घडी कोणी घातली? शेजारीपाजारी कुणी आलं असेल म्हणावं, तर अंगणात मी होते. माझ्या पाठीमागून एक माणूस दुसऱ्याला उचलून दोन पायऱ्या उतरतो आणि मला चाहूलही लागत नाही, हे मला पटत नाही. कितीदा विचार केला, तरी त्या दुपारपाशी येऊन मी नुसती थक्क होऊन थांबते.

काकांनी त्याच आठवड्यात काम सुरू केलं. सिमेंटच्या विटा आल्या. मिस्त्री जुनी माती ओढ्याकडे टाकायला निघाला तेव्हा आप्पा खुर्चीतून म्हणाले, "ती टाकू नगा. नव्या भितीच्या पायात घाला." मिस्त्री हसला. काका हसले नाहीत. पँट वर दुमडून त्यांनी स्वतः पहिलं घमेलं उचललं आणि पायाच्या चरात रिकामं केलं. मग वाकून त्या मातीला हात लावला, आणि तो हात कपाळाला.

आता आम्ही त्याच घरात आहोत. आप्पा काठी धरून उंबऱ्यापर्यंत येतात. यामागे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. मी अजूनही ताईतवाल्यांना झापते. पण तिन्हीसांजेला दिवा लावताना मात्र तोंड मिटून घेते. कोण ऐकतं ते मला माहीत नाही... पण माझा शब्द न शब्द ऐकला गेला होता, एवढं मी पाहिलंय.