म्हाताऱ्यांचा वाटा

आमच्या चिंचणीत एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी आम्ही बायका दुपारचा डाळभात करतो. सुरुवातीला बऱ्याच जणी होतो. आता मी आणि माझी धाकटी जाऊ. तिचे गुडघे गेलेत, माझ्या हातांत टोप उचलायची ताकद नाही. सुना बोईसरला कंपनीत जातात. त्यांना बोलावण्यात अर्थ नाही.

पूर्वी होडी किनाऱ्याला लागली की प्रत्येक तांडेल आमच्या टोपलीत मूठभर मासळी टाकायचा. तो म्हाताऱ्यांचा वाटा. आता मासळी होडीवरून थेट बर्फाच्या टेम्पोत जाते. रिकामी टोपली घेऊन उभं राहायचा कंटाळा आला, म्हणून मी जाणं सोडलं. तेव्हापासून नुसती डाळ.

बंद करायचं हे ठरलं होतं. कधी, ते ठरत नव्हतं. पावसात कोणाला उपाशी ठेवायचं नाही, होड्या पाण्यात उतरल्या की चूल विझवायची, असं बोललो. होड्या उतरल्या. मग जाऊ म्हणाली, गणपती जाऊ देत. गणपतीही गेले.

शेवटी मी जेवायला बसलेल्यांना सांगून टाकलं, सोमवारपासून येऊ नका. बाकीच्यांचं कुठे ना कुठे भागलं असतं. एक म्हातारी मात्र आंधळी, घरात दुसरं माणूस नाही. डाळीत मासळी नाही म्हणून ती रोज कुरकुर करायची आणि मी रोज तिला उलट बोलायचे.

दुसऱ्या दिवशी ती भिंत चाचपत लवकर आली. पदराखालून डबा काढला. तळाला थोडा सुका जवळा होता, उन्हाळ्यातला.

"हा डालीत टाक," म्हणाली. "आता मी काय बोलणार नाय. रागाव नको, पोरी."

सत्तरीच्या बाईला पोरी म्हणते. तिला वाटलं, तिच्या बोलण्यामुळे आम्ही बंद करतोय. आमच्याने होत नाही, हे मी समजावलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "नुसती डालपण चालंल."

"नीट सांग ना तिला, बाय," जाऊ म्हणाली. मी जवळा भाजायला घेतला.

सोमवारी जाऊ आली नाही. तिला बोल लावत नाही. मी चूल पेटवलीच. भात सगळ्यांचा टाकला, आली ती आंधळी एकटीच. टोप मला उतरवता आला नाही आणि भात खाली लागला. वास तिला आला असणारच. तिने मुकाट्याने खाल्ला आणि विचारलं, उद्या कधी येऊ.

मी नेहमीची वेळ सांगितली.