कंटेनरच्या सावलीतली जागा

चाचा हस्तांदोलन करत नसत. समोरच्याचा हात हातात घेत, उलटा करत, तळव्यावरून अंगठा फिरवत आणि मगच सोडत. "हात खोटं बोलत नाय," असं वर म्हणत. आमच्या कोरियन साहेबांचाही हात त्यांनी पहिल्याच दिवशी असा तपासला होता, आणि साहेबांना ती भारतीय पद्धत वाटली होती. मी एचआरमध्ये. मला मात्र त्यांनी लांबूनच नमस्कार केला. "ताईंचा हात कशाला बघायचा? ताईंची सही बघितली, बस झालं."

असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. पद लहान, पण त्याच्या होकाराशिवाय पान हलत नाही. चाचा रत्नागिरीकडचे, इथे आखातात हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पाइपांच्या कारखान्यात यार्ड सुपरवायझर. त्याशिवाय ते कंपनीच्या बेसबॉल टीमचे मॅनेजर होते. साहेबांना बेसबॉलचं वेड. हमरिया, अजमान आणि रास अल खैमा इथल्या पाच-सहा कारखान्यांनी मिळून हिवाळ्यात रविवारी सकाळी खेळायची एक हौशी लीग काढली होती. टीममध्ये फिलिपिनो होते, आणि टेनिस बॉल क्रिकेटवर हात मजबूत झालेली आपली कोकणातली मुलं होती. मी टीमची सेक्रेटरी. का, तर म्हणे एचआरकडे वेळ असतो.

बेसबॉल मलाही कळत नव्हता. तुम्हाला कळत नसेल तर एवढंच पुरे आहे: पिचर चेंडू फेकतो, बॅटरच्या मागे कॅचर मोठा ग्लव्ह घालून उकिडवा बसतो, आणि चेंडू मधल्या पांढऱ्या प्लेटवरून जावा लागतो. चार चेंडू बाजूने गेले की बॅटर फुकटात पुढच्या बेसवर चालू लागतो. बाकी सगळा आरडाओरडा.

आमचा कॅचर होता शिवराम. संगमेश्वरचा, यार्डातला क्रेन ऑपरेटर. चाचा आणि तो अजमानला एका खोलीत कितीतरी वर्षं राहिले. एकाची पूजा, दुसऱ्याची नमाज, आणि भांडण फक्त एसीच्या रिमोटवरून; चाचांना गार हवं, शिवरामला ते सोसत नसे. शिवरामचा गुडघा गेलेला होता. मॅचमध्ये तो दात आवळून उकिडवा बसायचा, पण प्रॅक्टिसला त्याने स्वतःची सोय करून घेतली होती. आमच्या मैदानावर प्लेटच्या उजवीकडे थोडं मागे एक जुना कंटेनर आहे. त्याच्या सावलीत रंगाची रिकामी बादली उलटी घालून तो बसायचा आणि म्हणायचा, "टाक बाळा, इकडंच टाक." रोज संध्याकाळी त्याला चेंडू टाकणारा बाळा म्हणजे ओंकार, आमचा तरणा पिचर. चिपळूणचा. कागदावर स्टोअर हेल्पर, पण खरं तर त्याच्या हातासाठीच त्याला आणला होता.

त्या उन्हाळ्यात शिवराम झोपेतच गेला. चाचांनी सकाळी चहा केला, हाक मारली, तो उठला नाही. कागदपत्रं मी केली. चाचा शवपेटीबरोबर विमानतळावर कार्गोच्या गेटपर्यंत गेले, आणि दुसऱ्या दिवशी यार्डात हजर. त्यांच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नाही. मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला होता.

हिवाळ्यात लीग सुरू झाली आणि ओंकारचा हात बिघडला. चेंडू प्लेटवरून जाईचना. उजवीकडे, बॅटरच्या अंगावरून लांब जायचा आणि कंटेनरच्या अलीकडे वाळूत पडायचा. कुणीतरी उचलून आणायचं, की पुढचा पुन्हा तिकडेच. समोरची टीम बॅट न हलवता चालत चालत मॅच जिंकायची. साहेबांनी मला बोलावून तीनच शब्द सांगितले. "ट्रेड. ऑर कॅन्सल."

आमच्या लीगमध्ये ट्रेड म्हणजे अख्ख्या माणसाची अदलाबदल. व्हिसा, नोकरी, कॅम्पमधली खाट, सगळं दुसऱ्या कारखान्याकडे. आणि कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द करून सरळ घरी. तिकडे चिपळूणला ओंकारच्या वडिलांचं दुकान पुरात गेलं होतं, त्यामुळे घरी जाणं म्हणजे काय हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

गंमत अशी की गिऱ्हाईक तयार होतं. रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्याच्या मैदानावर आम्ही एक मॅच खेळलो होतो, आणि तिथे ओंकारने असे काही चेंडू टाकले की त्यांचा मॅनेजर वेडाच झाला. ओंकारच्या बदल्यात ते आपला अनुभवी कॅचर द्यायला तयार होते. आम्हाला शिवरामनंतर धड कॅचर नव्हताच. आमची मंडळी गालातल्या गालात हसत होती. खोटं नाणं खपतंय तर खपू दे.

फक्त चाचा 'हो' म्हणेनात. मी फाइल घेऊन गेले की म्हणत, "बघू, इन्शाल्ला." दोन आठवडे बघू. शेवटी मी वैतागले.

"चाचा, पोराचा हात गेलाय. अडवताय कशाला?"

"ताई, गेलेला हात चारी दिशांना फेकतो. ह्याचा एकाच जागी जातो. आणि फक्त आपल्याच मैदानावर."

"सवय आहे ती. शिवराम तिकडे बसायचे ना."

"सवय असती तर रास अल खैमाला पण लागली असती."

मी घरी येऊन हे मुलीला सांगितलं. तिने फोनवरून मान वर न करता निकाल दिला, "मम्मा, इट्स जस्ट मसल मेमरी." मला बरं वाटलं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरीही त्या दिवसापासून मैदानावर गेले की मी कंटेनरकडे पाठ करून बसत नसे.

मग एका रविवारी मॅचच्या आधी धुकं पडलं. जानेवारीत इथे असं धुकं पडतं की समुद्र कुठे संपला आणि मीठ धरलेली जमीन कुठे लागली ते कळत नाही. खेळाडू टीमच्या बसगाडीत बसून होते. मैदानात चाचा, ओंकार आणि चहाचा कप धरून मी. चाचांनी शिवरामचा ग्लव्ह हातात घातला, कुठूनशी ती बादली आणली, कंटेनरच्या पुढ्यात उलटी घातली आणि तिच्यावर बसले.

"टाक."

ओंकारने टाकला. धुक्यातून चेंडू आला आणि ग्लव्हमध्ये बसला. चाचांनी हात इंचभरही हलवला नव्हता. दुसराही तसाच. तिसराही. मी कौतुकाने कप खाली ठेवून टाळ्या वाजवणार होते, तेवढ्यात चाचा उठले. ग्लव्ह काढून बाजूला झाले. बादली रिकामी.

"आता टाक."

ओंकार हात वर करून तसाच थांबला. मग त्याने हात खाली घेतला.

"नको चाचा. लागेल त्यांना."

चाचांनी त्याला 'कोणाला' असं विचारलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, हे इथे लिहायला मला काही लाज वाटत नाही. चाचा बादलीकडे बघत उभे होते. त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता. खूप दिवसांनी घरचा फोन लागावा तसा तो झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले, न बोलावता.

"ताई, खोलीत तो नाय. मी बघितलं. यार्डात नाय, क्रेनवर नाय. गावाला त्याच्या बायकोला विचारलं, तिकडंपण काय जाणवत नाय म्हणते. इथं आहे. आणि मला तो दिसत नाय. पोराचा चेंडू जातो तिथं, म्हणून कळतं तो बसलाय." थोडा वेळ ते स्वतःच्या तळव्यावर अंगठा फिरवत राहिले. "पोरगा गेला तर मला कसं कळणार?"

मी पाणी दिलं. वर साहेबांचे ईमेल येतच होते.

चार-पाच दिवसांनी ते स्वतःच आले. "आणा ती फाइल." त्यांनी सही केली. त्यांची सही म्हणजे एकेक अक्षर सावकाश काढलेलं. "मेलेल्याच्या सोबतीसाठी जित्या पोराच्या पोटावर पाय कसा देऊ? खलास."

ओंकार गेला. जाताना चाचांच्या पाया पडायला वाकला, पण चाचांनी पडू दिलं नाही, मधेच दंड धरून उभा केला. नवा कॅचर आला, चांगला होता. आम्ही जिंकायला लागलो. चाचा प्रत्येक मॅचला येत आणि आमच्या बाकावर बसून खेळाकडे न पाहता कंटेनरकडे पाहत. मला ते बघवत नसे.

आणि नशीब कसं असतं बघा, फायनलला समोर रास अल खैमाचीच टीम आली. मैदान आमचं. पिचर ओंकार.

तिकडे त्याचं नाव झालं होतं, पण नव्या कंपनीने अजून कायम केलं नव्हतं. फायनलवर सगळं अवलंबून होतं. त्याने पहिला चेंडू टाकला. उजवीकडे, वाळूत. दुसरा तिथेच. आमच्या बाकावर टाळ्या सुरू झाल्या, साहेब पहिल्यांदाच हसताना दिसले. एक बॅटर चालत गेला, मग दुसरा गेला. ओंकारच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तो बॅटरकडे बघतच नव्हता, कंटेनरच्या सावलीकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

चाचा उठले. जाळीला वळसा घालून सावकाश तिकडे गेले. अंपायर ओरडला, त्यांनी लक्ष दिलं नाही. सावलीत जाऊन वाकले, काहीतरी बोलले. आम्हाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी उजवा हात पुढे केला, खाली बसलेल्या माणसाला उठवायला करतो तसा. त्यांच्या खांद्याला ओढ बसलेली मी पाहिली. तुम्ही म्हणाल, वय झालं होतं, तोल गेला असेल. असेलही.

कुंपणाच्या कडेकडेने ते गाडीपर्यंत चालत गेले. मधे मधे थांबत होते. गाडीचं दार उघडून धरलं, जरा वेळ तसेच उभे राहिले, मग स्वतः चढले आणि आतून दार ओढून घेतलं.

ओंकारने टोपी काढून परत घातली. पुढचा चेंडू प्लेटच्या मधोमध गेला. त्यानंतर आमच्या एकालाही तो खेळता आला नाही. आम्ही हरलो.

परतताना गाडीत चाचांच्या शेजारची सीट रिकामी होती. दोन मुलं उभ्याने आली, पण तिथे कुणी बसलं नाही. मी मागून वाकून विचारलं, "चाचा, मॅच आपली होती ना?"

"होती," ते म्हणाले. "पोरगापण आपलाच होता." आणि खिडकीची काच थोडी खाली केली. एसी त्यांना कधीच बोचत नसे.

रास अल खैमावाल्यांनी ओंकारला कायम केलं. चाचांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला आणि रत्नागिरीला घरी जायचं ठरवलं. साहेबांना वाटलं फायनलची लाज वाटली म्हणून. मी तो समज तसाच राहू दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले, पण या वेळी उलटे करून पाहिले नाहीत, नुसते धरले. माझाही धरला.

नव्या हंगामात एकदा मी मैदानावर गेले होते. जोर लावून फेकायच्या नादात एका नव्या मुलाचा चेंडू सुटला, उजवीकडे गेला आणि कंटेनरवर आदळला. पत्रा असा काही वाजला की सगळी टीम हसायला लागली. मीही हसले, आणि हसता हसता थांबले. ओंकारचे इतके चेंडू त्या दिशेला गेले, पूर्ण जोरात, महिनेच्या महिने. पण सगळे अलीकडेच वाळूत पडले; तो पत्रा वाजलेला मी आजवर कधीच ऐकला नव्हता.

चाचांना फोन लावायला मी मोबाइल काढला. पण तिकडे आता ते दोघं चहाला बसले असतील असं वाटलं, आणि ठेवून दिला.