भाजलेल्या हातातल्या बांगड्या

सन दोन हजार बावीस. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण घरात शब्द माझाच चाले.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. पुरणाची डाळ गाळताना पातेलं निसटलं आणि उकळतं पाणी माझ्या बायकोच्या डाव्या हातावर सांडलं, मनगटापासून बोटांपर्यंत. मी परातीतली कणीक उचलून धावलो. आमच्याकडे भाजलं की कणीकच थापत आलेत.

सुनेनं मला मध्येच अडवलं. "आबा, काही लावायचं नाही. नुसतं पाणी." तिनं सासूचा हात अंगणातल्या नळाखाली धरला. वीस मिनिटं तरी धरायचा म्हणाली. कणीक माझ्या मुठीत तशीच.

हात बघताबघता फुगला. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या. ओढून काढाव्या तर कातडी सोलून यायची.

"ह्या आत्ता निघाल्या नाहीत तर बोटांचं रक्त अडेल," सून म्हणाली.

बायकोनं हात मागे घेतला. "मन्हा धनी जित्ता शे. बांगड्यांले हात नको लावू."

सून माझ्याकडे पाहत राहिली. सासरा समोर उभा असताना सासूच्या बांगड्या ती फोडणार कशी? आमच्यात तो शब्दही कुणी काढत नाही, बांगडी वाढवली म्हणतात. ते काम नवरा गेल्यावर दुसऱ्या बाया करतात. इकडे बोटं निळसर दिसायला लागली होती.

मी मोटारीची पक्कड आणली. ओल्या फडक्याची घडी बांगडीखाली घालायला गेलो, तर ती शिरेना. कशीबशी सरकवली. पहिली बांगडी कट्‌कन वाजली. बायकोनं डोळे घट्ट मिटले होते. शेवटची निघाली तशी ती म्हणाली, "इतली घाई व्हती का तुमले वर जावानी?"

"गुमचूप बैस. हात पाणीमाच ऱ्हाऊ दे."

हळूहळू बोटांना रंग आला. मग धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळून सून तिला दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर बायकोनं तो हात पदराखालीच ठेवला. शेजारीण पाहायला आली, तिलाही दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाद्याला गेलो आणि कासाराच्या दुकानात बायांच्या मध्ये जाऊन बसलो. हात बरा झाल्यावर भरायला हिरव्या बांगड्या मागितल्या. त्यानं माप विचारलं. म्हटलं, आधीच्याहून मोठ्या दे, सहज निघतील अशा.